रानपिंगळ्याचा पत्ता : भिवंडी ते सातपुडा, एका हरवलेल्या पक्ष्यामागे

या भागाचं ऑडिओ बऱ्याच जणांनी गाडी चालवताना ऐकलं आणि नंतर कळवलं की सनावळ्या आणि नावं लक्षात राहिली नाहीत, लिहून टाका. म्हणून हा लेखी भाग. बोलताना जे घाईत राहून गेलं होतं, तेही यात घातलंय.

सुरुवात भिवंडीतूनच करतो. फेब्रुवारीतली पहाट, चार वाजलेले. आमच्या गल्लीत रात्रपाळीचे लूम चालूच होते. हा खटखटाट ज्याच्या कानावर लहानपणापासून पडलाय त्याला तो ऐकूच येत नाही, बंद पडला तरच जाग येते. माझा मित्र गोदामाच्या धंद्यातला, त्याला ट्रकांच्या वेळा पाठ. तो म्हणाला, "भाऊ, साडेचारच्या आत राजनोली नाका सोडला नाही तर पडघ्यापर्यंत कंटेनरच मोजत बसू." त्यामुळे थर्मासमध्ये चहा, मागच्या सीटवर कॅमेऱ्याची बॅग, आणि खिडकीवर लेन्स टेकवायला तांदूळ भरून शिवलेली एक कापडी पिशवी, एवढं घेऊन निघालो.

मोबाईलवर आपण सगळेच ते व्हिडिओ बघतो. अमेरिकेतलं वाळवंट, लाल खडकांच्या खोल दऱ्या, सरळसोट रस्ता, आणि गाडीतून पक्ष्यांचे फोटो काढत जाणारं कुणीतरी. आपल्याकडे तसं वाळवंट नाही. पण आपल्या दारातून आग्रा रोड जातो. हाच रस्ता कसाऱ्याचा घाट चढून नाशिक, चांदवड, मालेगाव करत धुळ्याला पोचतो, आणि तिथून दोंडाईचामार्गे सारंगखेड्याला तापी ओलांडली की शहादा येतं. समोर सातपुड्याची भिंत. शहाद्याच्या वर तोरणमाळ आणि तिथली सीताखाई. उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळलेला साग, उघडे काळे कडे, कोरडे नाले. आपली खोल दरी ती हीच.

पण आम्ही दरी बघायला निघालो नव्हतो. आम्हाला एक पक्षी बघायचा होता, जो ११३ वर्षं जगाला सापडत नव्हता. रानपिंगळा.

पिंगळा कोणता, रानपिंगळा कोणता

पिंगळा तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी विजेच्या तारेवर बसून चिरचिर करणारं, गोल डोळ्यांचं छोटं घुबड. जुन्या चाळीच्या कौलात, आंब्याच्या ढोलीत, मशिदीच्या नाहीतर देवळाच्या फटीत राहणारं. डोक्यावर आणि अंगावर पांढरे ठिपके. आपल्याकडे पहाटे कंदील घेऊन, कुडमुडं वाजवत दारात येणारा पिंगळा जोशी असायचा, त्याचं नावही याच पक्ष्यावरून आलं. त्याला या पक्ष्याची भाषा कळते आणि त्यावरून तो तुमचं भविष्य सांगतो, अशी समजूत. आमच्या आजीच्या वयाच्या लोकांनी तो बघितलेला आहे.

रानपिंगळा हा त्याचा जंगलातला भाऊबंद. साळुंकीएवढाच. पण कपाळ आणि डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, छातीवर तपकिरी पट्टा, पोट पांढरं, शेपटीवर रुंद पट्टे, आणि पाय अंगाच्या मानाने दणकट, पांढऱ्या पिसांनी झाकलेले. शिवाय हा दिवसाढवळ्या फिरतो. सकाळचं ऊन खात सागाच्या उघड्या शेंड्यावर बसतो आणि शेपटी इकडून तिकडे हलवत राहतो.

आता प्रश्न असा, की दिवसा उघड्यावर बसणारा पक्षी शंभर वर्षं सापडत कसा नाही? याचं उत्तर जंगलापेक्षा जास्त कागदात आहे.

बंदुकीच्या काळातली नोंद

१८७२ साली, डिसेंबर महिन्यात, आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट यांनी एक घुबड मारलं. ते गेलं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे. हो, तेच ह्यूम, ज्यांचं नाव आपण शाळेत राष्ट्रीय सभेच्या स्थापनेच्या धड्यात वाचतो. राजकारणात पडण्याआधी ह्यूम हे हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचे सगळ्यात मोठे अभ्यासक होते. त्यांनी १८७३ मध्ये या घुबडाचं वर्णन छापलं आणि ब्लेविट यांच्या नावावरून त्याला 'ब्लेविटी' हे शास्त्रीय नाव दिलं.

त्या काळी पक्षी 'बघितला' याला किंमत नव्हती. मारायचा, कातडं सोलून काढायचं, आत कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर तीन गोष्टी : कुठे, कधी, कुणी. या चिठ्ठीशिवाय ते कातडं म्हणजे नुसती पिसं. पुराव्याचा सगळा भार त्या छोट्या कागदावर.

१८७७ मध्ये व्हॅलेंटाइन बॉल यांना ओडिशाच्या बाजूला एक रानपिंगळा मिळाला. आणि १८८० नंतरच्या तीन-चार वर्षांत जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या नंदुरबार-धुळ्याच्या पट्ट्यात, आणखी काही मिळवले. जगभरच्या संग्रहालयांत मिळून अस्सल नमुने सातच. १८८४ नंतर नोंद बंद.

योगायोग बघा. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली १८८३ मध्ये. ह्यूम यांची आयुष्यभराची पक्ष्यांवरची हस्तलिखितं त्याच सुमारास, ते सिमल्याला नसताना, एका नोकराने रद्दीत विकून टाकली. त्या धक्क्याने ह्यूम यांनी पक्ष्यांचा नाद सोडला आणि आपला प्रचंड संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईत राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन भरलं. म्हणजे या देशातल्या पक्ष्यांचा सगळ्यात मोठा जाणकार मैदानातून बाहेर पडला, तेव्हाच रानपिंगळाही नजरेआड झाला.

खोटी चिठ्ठी

आता या गोष्टीत एक कर्नल येतो. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन. ब्रिटिश लष्करातला अधिकारी, हेर म्हणून गाजलेला, आणि पक्ष्यांचा नामवंत संग्राहक. त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिलेलं : मांडवी, तापी नदी, १९१४. म्हणजे दक्षिण गुजरातमधली मांडवी. १८८४ नंतर मिळालेला हा एकमेव नमुना, त्यामुळे त्याला सोन्याचा भाव. पक्षी शोधायचा तर शेवटी जिथे मिळाला तिथेच शोधायला हवा ना?

तसा तो शोधला गेलाही. सालिम अली आणि अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे एस. डिलन रिप्ली यांनी १९७० च्या दशकात त्याचा माग काढायचा प्रयत्न केला. हाताशी जी माहिती होती तिच्यात या मांडवीच्या चिठ्ठीला मोठं वजन होतं. सालिम अली माइनर्ट्झहॅगनला ओळखत होते, १९३७ साली दोघं अफगाणिस्तानात पक्ष्यांच्या मोहिमेवर बरोबर गेले होते. माणूस विक्षिप्त हे त्यांना ठाऊक होतं. पण चिठ्ठीच खोटी असेल हे कोण धरून चालणार? पक्षी सापडला नाही. मधल्या काळात रानपिंगळ्याचा म्हणून एक फोटो पुढे आला, तोही नंतर साध्या ठिपकेवाल्या पिंगळ्याचा निघाला. सालिम अली १९८७ मध्ये गेले. रानपिंगळा त्यांना जिवंत दिसला नाही.

उलगडा केला पामेला रासमुसेन यांनी. दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवर पुस्तक करण्याच्या कामात त्या रिप्ली यांच्याबरोबर होत्या आणि त्यासाठी संग्रहालयांतली जुनी कातडी तपासत होत्या. माइनर्ट्झहॅगनच्या नमुन्यांबद्दल शंका आधीपासून होत्या. ब्रिटिश म्युझियमने एकेकाळी त्याला पक्षी विभागात यायला बंदीही घातली होती. रासमुसेन यांनी त्या रानपिंगळ्याचा एक्स-रे काढला, आतला कापूस, टाके, पंखांची बांधणी बघितली. जुना शिंपी जसा शिवण बघून सांगतो की हा कुठल्या हाताचा सदरा आहे, तसंच हे. भिवंडीकरांना वेगळं सांगायला नको. कापडाचा काठ चोळून माल कुठल्या लूमवरचा ते सांगणारे लोक आपल्याकडे आहेत.

शिवण निघाली जेम्स डेव्हिडसनची. म्हणजे १८८० च्या दशकात खानदेशात डेव्हिडसनने मिळवलेला नमुना कर्नलने संग्रहालयातून उचलला, उसवून पुन्हा भरला, आणि स्वतःच्या नावाची, खोट्या गावाची, खोट्या वर्षाची चिठ्ठी बांधली. ही हकिगत रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात छापली.

पण त्याआधीच त्यांनी त्यातून निघणारा साधा निष्कर्ष वापरला होता. खोटी चिठ्ठी बाजूला काढली की उरतात ते खरे पत्ते : पूर्वेकडे ब्लेविट आणि बॉलचे, पश्चिमेकडे डेव्हिडसनचा खानदेश. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे आधी पूर्वेकडे फिरले. काही मिळालं नाही. मग खानदेशात आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या झाडीत, बेन किंग यांना एका उघड्या झाडावर एक घुबड दिसलं. डोक्यावर ठिपके नाहीत, पांढरे दणकट पाय. तोच.

या वेळी कुणी बंदूक उचलली नाही. फोटो निघाले, व्हिडिओ निघाला, आणि जगाने तो पुरावा मान्य केला. शेवटची नोंद कातड्याची होती आणि पुढची नोंद फोटोची. मध्ये ११३ वर्षं.

त्यानंतर फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी रीतसर पाहणी केली. तोरणमाळ, तळोदा, मेळघाट आणि मध्य प्रदेशातलं खकनार या भागांत मिळून २५ रानपिंगळे त्यांना आढळले. आणि एक गंमत, जी मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडते. कोरकू लोकांत या दोन्ही पिंगळ्यांना वेगवेगळी नावं आहेत. साधा तो गाव डुडा, आणि जंगलातला तो डोंगर डुडा. म्हणजे आपण ज्याला 'हरवलेला' म्हणत होतो, त्याला रोज बघणारी माणसं तिथे होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

गाडी हेच लपण

परत आमच्या रस्त्यावर. फोटोची आवड असणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी सांगतो. चांदवड ओलांडलं की माळ सुरू होतो. तारांवर नीळकंठ, बाभळीवर खाटीक, आकाशात एका जागी फडफडणारी कापशी. इथे गाडीतून उतरायचं नाही. पक्षी गाडीला घाबरत नाही, गाडीतून उतरणाऱ्या माणसाला घाबरतो. गाडी कडेला, इंजिन बंद, कारण इंजिनाच्या थरथरीने फोटो हलतो. काच खाली, तिच्यावर तांदळाची पिशवी, तिच्यावर लेन्स. आणि जे काय करायचं ते दहाच्या आत. नंतर तापलेल्या जमिनीवरून हवा अशी लवलवते की पन्नास फुटांवरचा पक्षीही पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो. कितीही महाग लेन्स असू दे.

शहाद्याला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याबरोबर एक स्थानिक पावरा तरुण होता, जो पूर्वी पाहणीवाल्यांबरोबर फिरलेला. जंगल मी मनात रंगवलं होतं तसं नव्हतं. मध्ये मध्ये शेतं, तोडलेल्या सागाचे खुंट, गुरांच्या वाटा. या पक्ष्याला असं विरळ, उघडीप असलेलं जंगल लागतं. पण ढोलीसाठी जुनी, जाड झाडंही लागतात, आणि नेमकी तीच आधी तोडली जातात.

नऊच्या सुमाराला त्याने हात वर केला. सागाच्या वाळक्या शेंड्यावर, पाठीवर ऊन घेत, तो बसला होता. शेपटी हलत होती. मी साठ-सत्तर फुटांवरून फोटो काढले. फांदी आडवी येत होती, म्हणून दोन पावलं पुढे टाकली. तो तरुण हळूच म्हणाला, "दादा, बस. पुढे नको. तिकडे ढोली आहे, मादी आत असंल."

मी थांबलो. आणि का थांबलो ते सांगायला हवं, कारण हा भाग करण्याचं खरं कारण तेच आहे.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी पडघ्याच्या पुढे एका शेताच्या बांधावर, आंब्याच्या ढोलीत साध्या पिंगळ्याचं घरटं मला सापडलं होतं. ढोलीतून डोकावणारी तीन पिल्लं. फोटो सुरेख आला. मी तो एका ग्रुपवर टाकला आणि कुणी विचारलं म्हणून जागाही सांगितली. नुसती सांगितली नाही, नकाशावरचा टिकलीचा ठिपकाच पाठवला. पुढच्या रविवारी तिथे दहा-बारा गाड्या. कुणीतरी उजेड यावा म्हणून ढोलीसमोरची फांदी छाटली. त्याच्या पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा ढोली रिकामी होती. पिल्लं उडाली म्हणावीत तर उडण्याइतकी मोठी झाली नव्हती. साप, कावळे, काय झालं ते कुणालाच कळलं नाही. शेतकरी काका एवढंच म्हणाले, "फांदी होती तवर सावली होती तिला."

तो साधा पिंगळा होता, गावोगाव असतो. पण जगात मोजका उरलेला रानपिंगळा असता तर?

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. माइनर्ट्झहॅगनने खोटा पत्ता लिहिला, त्यामुळे पक्ष्याचा शोध चुकला. ज्या वर्षांत त्याचं जंगल वाचवायला हवं होतं त्या वर्षांत तो कुठे आहे हेच आपल्याला माहीत नव्हतं. मी खरा पत्ता दिला, अगदी मीटरात, आणि घरटं गेलं. मग खरं सांगायचं की नाही?

मला वाटतं, सांगायचं. पण कुणाला, हे बघून. वनखात्याला, अभ्यासकांना, नोंदी ठेवणाऱ्या संस्थांना पत्ता हवाच, त्याशिवाय संरक्षण होत नाही. गर्दीला जिल्ह्याचं नाव पुरे. डेव्हिडसनच्या चिठ्ठीवर 'खानदेश' होतं, आणि एवढ्या मोघम पण खऱ्या शब्दावर शंभर वर्षांनी पक्षी सापडला. मोघम असणं आणि खोटं असणं यात फरक आहे.

आणि आपल्या दारात

शेवटची गोष्ट, जी भिवंडीकरांसाठी आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये रानपिंगळ्याची नोंद झाली तानसा अभयारण्यात. खानदेशात नाही, मेळघाटात नाही. शहापूर-वाड्याच्या आपल्या तानशात. जिथलं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं आणि ज्याच्या जाडजूड जलवाहिन्या आपल्या तालुक्यातून जाताना आपण लहानपणापासून बघतोय. तोपर्यंत हा पक्षी सह्याद्रीच्या या बाजूला असेल असं कुणी धरलंच नव्हतं. २०१८ मध्ये जागतिक यादीत त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' असा एक पायरी सुधारला, तो अशा नव्या नोंदींमुळेच. पक्षी वाढले म्हणून नव्हे, तर बघणारे वाढले म्हणून.

आम्ही पावणेचारशे किलोमीटर जाऊन जो पक्षी बघून आलो, त्याचे भाऊबंद घरापासून तासा-दीड तासावर होते. परतीच्या वाटेवर मित्र हेच म्हणत होता आणि हसत होता. पण मग आटगावच्या आसपास तो गप्प झाला. आता समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून थेट आपल्या आमण्यापर्यंत आलाय. गोदामं पडघ्याच्या पुढे सरकतायत. त्यात त्याचंही एक गोदाम आहे. तो म्हणाला, "आमच्या प्लॉटवर दोन जुनी झाडं होती, ढोलीवाली. मी कधी वर बघितलं नाही."

यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याकडेही नव्हतं.

तर मंडळी, तुमच्या आसपास जुनं, ढोलीचं झाड असेल तर सकाळी नऊ-दहाला एकदा वर बघा. डोक्यावर ठिपके आहेत का, छातीवर पट्टा आहे का, पाय कसे आहेत. फोटो काढा, लांबून. तारीख लिहून ठेवा, खरी. रानपिंगळाच वाटला तर वनखात्याला आणि अभ्यासकांना कळवा. आणि ग्रुपवर टाकायचा मोह झालाच, तर जागेच्या रकान्यात फक्त 'ठाणे जिल्हा' लिहा. कुणी जास्त विचारलं तर माझं नाव सांगा, शिव्या मी खाईन.

आमच्या त्या फेरीतला फोटो या भागासोबत टाकलाय. फांदी आडवी आलेली आहे, ती तशीच ठेवली आहे. भेटू पुढच्या भागात.